कानामागचा ठिपका

हेमांगी लोकापुरेनं निनादला पाळण्यात आपटलं तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजले होते.

ठेवलं नाही, आपटलं. जरा जोरात ठेवलं गेलं, हात सटकला, पाळणा जरा खोल होता, असं स्वतःला सांगण्यासारखं बरंच होतं. पण हातांना खरं ठाऊक होतं. गादी जाड होती म्हणून पोराला काही झालं नाही. दहा महिन्यांचा निनाद क्षणभर गप्प झाला, डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहिला, आणि मग असा काही टाहो फोडला, की शेजारच्या पाळण्यातली त्याची जुळी बहीण नभाही दचकून उठली. दारात चार वर्षांची कावेरी चटणी लावलेला भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती.

"आई, मला शी आली," ती म्हणाली.

हेमांगीनं आधी कावेरीला नेलं, मग नभाला घेतलं, मग निनादला. सगळं आटोपल्यावर ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. आपल्याला राग आलाच नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिला भीती वाटली ती याचीच. राग नव्हता, तर मग हात कुणी हलवले?

मिरजेतल्या त्या घरात माणसं नव्हती असं नाही. नवरा शिवकांत रेल्वेत लोको पायलट होता. इंजिनं आता आपली आपण चालत, सिग्नल वाचत, फलाटाला बोटभरही न चुकता लागत. तरी नियमाप्रमाणे आत माणूस बसावा लागे, आणि दर मिनिटाला बटण दाबून आपण जागे आहोत हे त्यानं कळवावं लागे. पुणे, हुबळी करून शिवकांत दोन दिवसांनी घरी येई तेव्हा थकलेला असे, आणि ते खोटंही नव्हतं. सासूबाई, म्हणजे आत्ती, घरातच असत. पण दोन्ही गुडघे बदलल्यापासून त्यांना वाकून पोर उचलायला डॉक्टरांनी बंदी केली होती. खुर्चीत बसून, मांडीवर दिलेल्या पोराला त्या तेल लावत, अंग पुसत, भरवत. उचलून द्यायला मात्र हेमांगीच लागे.

यंत्रंही होती. भाकऱ्या थापणारं होतं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणारं होतं. आपोआप झुलणारा पाळणा होता आणि तो हेमांगीच्याच आवाजात अंगाई म्हणे. झोका आहे पण माणूस नाही, हे जुळ्यांनी पंधरा दिवसांत ओळखलं. त्यानंतर पाळणा हलायला लागला, की दोघं जास्तच रडत. एकाचं थांबे तोवर दुसरीचं सुरू होई, आणि मधल्या फटीत कावेरी शिरे. "आई, बघ. आई, बघ ना. आई, तू बघतच नाहीयेस."

नळ बंद करून हेमांगी बाहेर आली आणि तिनं डॉक्टर मेहजबीन मुजावरांची वेळ घेतली.

डॉक्टर मुजावर पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. बाळंतपणानंतर मन खचलेल्या बायका त्यांच्याकडे येत. हेमांगीनं सगळं सांगितलं, 'आपटलं' हा शब्दही वापरला. डॉक्टरांनी टेबलावर एक बारीक चकती ठेवली. कपाळावरच्या टिकलीपेक्षा थोडी मोठी, कातडीच्या रंगाची.

"बाळाचं रडणं म्हणजे नुसता आवाज नसतो," त्या म्हणाल्या. "त्यात एक खरखर असते. सेकंदाला तीसपासून दीडशे वेळा तो आवाज चढतो, उतरतो. आगीच्या बंबाच्या भोंग्यातही तीच खरखर असते. हा आवाज कानातून आत गेला, की विचार करणाऱ्या मेंदूची वाट बघत नाही. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी पेशींची एक गाठ आहे, तिथं थेट जाऊन घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात, दूध उतरतं. बाळ रडतंय हा विचार मागून येतो. गरोदरपणात बाईचा मेंदू बदलतो, ती घंटा फार हळवी होते. एका बाळासाठी, आणि भोवती चार बायका असतील अशा घरासाठी, ते ठीक होतं. तुमच्याकडं ती दिवसभर वाजते आहे. घंटा बिघडलेली नाही, हेमांगी. ती जरा जास्तच चांगली चालते आहे."

"आणि हे?"

"हा ठिपका. डाव्या कानामागं चिकटवायचा. रडण्याची खरखर ओळखली, की हा आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या गाठीवर सोडतो आणि तिला थोडा वेळ निजवून ठेवतो. रडणं ऐकू येईल, कोण रडतंय ते कळेल. घंटा तेवढी वाजणार नाही."

हेमांगीनं विचारलं, "मग मी उठेन कशाला?"

डॉक्टर हसल्या. "जबाबदारी म्हणून. जबाबदारी मेंदूत दुसऱ्या खोलीत राहते."

रोज चार तासांच्या वर लावायचा नाही आणि रविवारी काढून ठेवायचा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

पहिल्याच दिवशी फरक कळला. निनाद रडू लागला आणि हेमांगीला ते शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिटीसारखं ऐकू आलं. शिटी झाली, भात झाला असेल, एवढंच. तिनं हातातली वाटी विसळली, पालथी घातली, हात पुसले आणि मग त्याला उचललं. लंगोट ओला होता. बदलला. पोर गप्प झालं. छातीतून काहीही गेलं नाही. डॉक्टरांचं खरं होतं. ती उठत होती, आधीपेक्षा नीट उठत होती. एकाला घेताना दुसरीकडे बघून जीव कासावीस होत नसल्यामुळं कामं एकात एक अडकत नव्हती. तिच्या लक्षात आलं, की आपण आज दुपारी जेवलोय. बसून.

आठवड्यानं आत्ती म्हणाल्या, "पोरी, तुझ्या तोंडावर आता जरा तेज आलंय बघ."

शिवकांत म्हणाला, "तू परत पहिल्यासारखी झालीस."

हेमांगीनं विचार करून पाहिला. आपण पहिल्यासारख्या झालो नव्हतो हे तिला कळत होतं. पण जे झालो होतो ते वाईट नव्हतं, आणि हे घर त्यावर नीट चालत होतं. तिनं मान हलवली.

रविवार मात्र वाईट जाई. ठिपका काढला, की आठवडाभर बाहेर तिष्ठत ठेवलेलं सगळं एकदम दार ढकलून आत येई. नभानं नुसतं ओठ काढले, तरी हेमांगीला घाम फुटे. तिसऱ्या रविवारी ती भिंतीला टेकून थरथरत उभी राहिली आणि चौथ्या रविवारी तिनं ठिपका काढला नाही. आणखी दोन आठवड्यांनी चार तासांचे आठ झाले. पुढं पुढं आंघोळीला जाताना काढायची तेवढाच. ठिपक्यानं तक्रार केली नाही. सुरुवातीला चार तासांनी तो आपोआप बंद पडे; पण त्याच सुमारास, एका सॉफ्टवेअर सुधारणेत, तो बनवणाऱ्या कंपनीनं ती अट काढून टाकली आणि 'निर्णय आईच्या हाती' अशी जाहिरात केली.

जुळी वर्षाची झाली तशी हेमांगी अर्धा वेळ कामावर जाऊ लागली. निर्यातीच्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचे अंश किती उरलेत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती आधीपासून होती. आता तिच्या हातून एकही नमुना चुकत नव्हता. सकाळी मुलांना पाळणाघरात सोडताना इतर बायकाही दिसत. केस डाव्या कानावर ओढून घेतलेल्या, शांत, वेळेवर आलेल्या. मुलं मागं रडत आणि त्या न वळता गाडीत बसत. त्यांचं एकमेकींकडं लक्ष जाई, पण कुणी काही बोलत नसे. बोलण्यासारखं काही वाटत नसे.

हळूहळू पाळणाघरातला गोंगाटही उतरला. तिथल्या बाई कौतुकानं सांगत, "तुमची नभा म्हणजे देवमाणूस. कधी आवाज नाही तिचा." निनाद अधूनमधून किरकिर करी. नभानं तेही सोडलं होतं. भूक लागली, की ती ओट्याखाली जाऊन बसे. पडली, की उठे, पडली तिथंच थोडा वेळ उभी राही आणि मग चालू लागे. बघेल ती म्हणे, काय गुणी पोर आहे. कंपनीच्या जाहिरातीत आता नवी ओळ आली होती: 'शांत आई, शांत बाळ'.

एका दुपारी कावेरी स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, माझ्या गुडघ्यातून रक्त येतंय," तिनं सांगितलं. पायरीवर पडली होती. रक्त ओघळून मोज्यापर्यंत आलं होतं. तिचा आवाज, पाणी संपलंय असं सांगावं तसा होता. हेमांगीनं जखम धुतली, औषध लावलं, पट्टी केली.

"दुखतंय का?"

"हो," कावेरी म्हणाली आणि खेळायला गेली.

मुलगी मोठी झाली, असं हेमांगीच्या मनात आलं. पाच वर्षांची तर झाली होती.

नभाचा हात आत्तींच्या ध्यानात आला. त्या तिला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. दीड वर्षाची पोर समोरच्या भिंतीकडं बघत बसली होती.

"हेमांगी, हिकडं ये. हा हात बघ की. गरम लागतोय. सुजलाय का गं?"

उजवा हात कोपरापासून खाली फुगला होता. हेमांगीनं बोटानं दाबून पाहिलं. नभानं हात मागं घेतला नाही. तिच्या पापण्या तेवढ्या भराभर हलल्या, आणि ती भिंतीकडंच बघत राहिली.

दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टरनं फोटो उजेडात धरून ठेवला.

"कधी पडली?"

"माहीत नाही."

"आज? काल?"

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली.

"हे तीन-चार दिवसांचं आहे. इतके दिवस ती रडली नाही? झोपेत? आंघोळ घालताना?"

"नाही."

प्लास्टर घालताना हाड सरळ करावं लागलं. शेजारच्या सिस्टरनं आधीच नभाला घट्ट धरून ठेवलं होतं, पण धरायची गरज पडली नाही. पोरीच्या अंगावर काटा आला, वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले, आणि तोंडातून श्वासाशिवाय काही बाहेर आलं नाही. सिस्टर हळूच हात सोडून मागं सरकली. तिनं आधी पोरीकडं पाहिलं आणि मग हेमांगीकडं. हेमांगी तेव्हा विचार करत होती, की गाडी दवाखान्याच्या फाटकासमोर लावली आहे, कुणाची वाट अडली असेल.

डॉक्टरांची नजर तिच्या कानाकडं गेली. "हे कधीपासून लावताय?"

"आठ महिने."

त्यांनी कागदावर काही लिहिलं. मग विचारलं, "तुम्हाला आत्ता काय वाटतंय?"

तिनं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टर मुजावरांकडं ती दुसऱ्या दिवशी गेली. त्यांनी नभाला मांडीवर घेतलं, तिच्यासमोर खुळखुळा धरला, काढून घेतला. नभानं रिकाम्या हाताकडं पाहिलं, नंतर खिडकीकडं.

"माझ्या फायलीत अशी नऊ मुलं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "नभा दहावी. मी कंपनीला दोनदा लिहिलं. मुलं शांत होतात हा चांगला परिणाम आहे, असं उत्तर आलं."

"का होतं असं?"

"मूल रडतं तेव्हा ते तुमचा चेहरा बघत असतं. तुमच्या कपाळाला आठी पडते, श्वास चुकतो, आवाज बदलतो. त्यावरून त्याला कळतं, की मला काहीतरी होतंय आणि ते खरं आहे. ठिपका लावलेली आई येते, उचलते, दूध देते. वेळेवर देते. पण तिचा चेहरा हलत नाही. बाळ काही दिवस जोरात रडून बघतं. मग सोडून देतं."

"म्हणजे दुखायचं थांबतं?"

"नाही. सांगायचं थांबतं."

हेमांगी नभाच्या प्लास्टरकडं बघत होती. "हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत."

"मला माहीत नव्हतं, हे खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला माहीत असायला हवं होतं, हेही खरं आहे."

"आणि ठिपका नसता तर?"

"तर काय?"

"तर मी निनादला पुन्हा आपटलं असतं. किंवा हिला. मग याच हाडाचा फोटो काढला असता."

 डॉक्टरांनी हात पुढं करून स्वतःच तिच्या कानामागची चकती काढली. खाली गोल, पांढरट, मऊ पडलेली कातडी होती.

"घंटा परत कधी वाजेल?"

"काही आठवडे. काही महिने. इतके दिवस कुणी वापरेल असं आम्ही धरलंच नव्हतं. मी खोटं सांगणार नाही, नक्की कुणालाच माहीत नाही."

"तोवर काय करू?"

"तोवर चेहरा करा."

"खोटा?"

"तिला अजून खोटा-खरा कळत नाही, असं मला वाटतं. चेहरा नाही, एवढं मात्र तिला कळलंय."

शिवकांत त्या दुपारी हुबळीहून परतला. नभाचा हात बघून तो बूट न काढताच आत आला. हेमांगीनं जेवण वाढत वाढत सगळं क्रमानं सांगितलं: ठिपका, आठ तास, नऊ मुलं, हाड. मग पहिल्या दिवसाचंही सांगितलं. निनादला आपटल्याचं. तिचा आवाज कुठंही हलला नाही, आणि त्यामुळं शिवकांतला ते ऐकणं अधिकच अवघड गेलं.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. त्याच दिवशी फोन केला होता. तू 'हं' म्हणालास. गाडी सुटायची वेळ झाली होती."

शिवकांत ताटातला भात बोटांनी सारखा करत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "एक करता येईल. मी घरी असेन तेव्हा काढून ठेव. मी नसेन त्या दोन दिवसांपुरता लाव. म्हणजे तुलाही—"

"शिवा," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्ती म्हणाल्या, "तुझ्या डाव्या पायावर, घोट्यावर, पांढरा वळ हाय बघ."

"आहे. लहानपणी सायकलच्या चाकात पाय गेला होता."

"सायकल कुठली? आपल्याकडं सायकल नव्हतीच तवा. तुला मी खाटंला बांधत हुते. घोट्याला दोरी घालून. चुलीवर दूध असायचं, म्हशी असायच्या, तुझ्या आज्याला अंथरुणात करायला लागायचं. तू रांगत चुलीत जाशील म्हणून बांधत हुते. रडून रडून झोपायचास. दोरीनं कातडं निघालं तवा शेजाऱ्याच्या सायकलचं सांगितलं घरात." आत्ती पदरानं तोंड पुसत होत्या, पण डोळे कोरडे होते. "आजवर कुणाला बोलले न्हाई. हिच्या कानाला काय लावायचं ते तू सांगू नकोस. तू किती बटणं दाबतोस तिकडं, माणूस जागा हाय म्हणून? हितं दाब की."

 शिवकांतनं पाट सरकवून पँट वर केली आणि घोट्यावरचा वळ बघितला, जसा काही तो आजच उमटला होता.

पंधरा दिवसांत त्यानं मिरजेच्या यार्डात बदली मागून घेतली. सकाळी सात ते दुपारी तीन, रिकामे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर ढकलायचे. सहकारी हसले. मेल-एक्स्प्रेसचा माणूस डबे ढकलायला आला, म्हणाले. तो घरी येऊन हे हेमांगीला सांगे आणि तिच्या तोंडाकडं बघे. तिला वाईट वाटायला हवं होतं हे तिला कळे. ती म्हणे, "वाईट झालं." मग तो मुलांना घेऊन गच्चीवर जाई. पहिल्या आठवड्यात तो तीनदा चिडला, एकदा निनादवर ओरडला आणि खाली येऊन जिन्यावर बसला. पण दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन परत वर गेला.

ठिपका काढून महिना झाला तरी हेमांगीच्या आत काही वाजलं नाही. निनाद रडे ते अजूनही शिटीच असे. मुलं आपलं दुखणं सांगत नाहीत हे आता तिला माहीत होतं, म्हणून ती संध्याकाळी एकेकाला समोर घेऊन डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवी. प्रयोगशाळेत घड उलटा धरून एकेक मणी तपासावा तसं. इथं दुखतंय का, इथं, इथं. नभा उत्तर देत नसे, तेव्हा ती पापण्यांकडं लक्ष ठेवी.

चेहरा करणं मात्र तिला जमेना. आरशासमोर ती भुवया उचले, ओठ खाली ओढे, आणि तिथं एक चक्रम बाई दिसे. एकदा कावेरीनं तिला पकडलं.

"आई, काय करतेस?"

हेमांगीनं तिला खरं सांगून टाकलं. "नभाला लागलं तर मला वाईट वाटलंय असं तिला दिसायला पाहिजे. मला तसं तोंड करता येत नाहीये."

कावेरीनं गंभीरपणे स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. तिनं आईचे गाल दोन्ही हातांत धरले. "भुवया वर. इतक्या नाही, भुतासारखं दिसतं. मधे जवळ आण. हां. आता तोंड थोडं उघड. आता आत श्वास घे, 'हाऽ' असा. आणि मग म्हण, अगं बाई गं."

"अगं बाई गं."

"असं नाही. तू दुकानात म्हटल्यासारखं म्हणतेस." कावेरीनं स्वतः करून दाखवलं. ते इतकं हुबेहूब होतं, की हेमांगीनं विचारलं, "हे तू कुठं शिकलीस?"

"तू करायचीस," कावेरी म्हणाली. "जुळी बाळं नव्हती तेव्हा. मी पडले की तू असं करायचीस."

त्या दिवसापासून त्या दोघी रोज दुपारी दहा मिनिटं शिकवणी करू लागल्या. हेमांगी चुके, कावेरी दटावे. कधी कधी कावेरी मुद्दाम पडे आणि वळून बघे.

नभाचं प्लास्टर काढायचा दिवस आला. शिवकांत निनादला आणि कावेरीला घेऊन घरी थांबला, हेमांगी नभाला घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेली. प्लास्टर कापणाऱ्या माणसानं छोटं गोल पातं असलेलं यंत्र हातात घेतलं. ते सुरू झाल्याबरोबर त्याचा कर्कश आवाज खोलीभर घुमला. नभा ताठ झाली. तिचा श्वास अडकला आणि तिनं सवयीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

हेमांगी भिंत आणि पोर यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. गुडघ्यावर बसून तिनं आपलं तोंड नभाच्या समोर आणलं. भुवया वर, मधे जवळ. तोंड उघडं. श्वास आत.

"हाऽ... अगं बाई गं! घाबरलीस गं? केवढा आवाज आहे ना मेल्याचा!"

नभानं तिच्याकडं पाहिलं. कपाळाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, परत कपाळाकडं. खूप वेळ पाहिलं. पातं प्लास्टरला लागलं तेव्हा तिचा खालचा ओठ बाहेर आला. तो थरथरला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. आणि नभा रडली. सुरुवातीला आवाजच फुटेना, नुसता घशात घरघरला; मग फुटला तो असा, की यंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं.

"ताई, याचं पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं. कातडीला काही होत नाही."

"माहीत आहे," हेमांगी म्हणाली. "जरा थांबा तरी."

नभानं तिच्या गळ्याला मिठी मारली. हेमांगीनं आत कान देऊन पाहिलं. लाईट गेलेल्या घरात बटण दाबून पाहावं तसं. काही लागलं नाही. तिनं पोरीला पाठीवर थोपटलं, मान मागं घेऊन परत चेहरा दाखवला, आणि मग यंत्रवाल्याला खूण केली.

बाहेर बाकावर चार-पाच बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. नभाचं रडणं त्यांच्या अंगावरून गेलं. कुणी मान वर केली नाही. एका बाईच्या मांडीवरचं बाळ तेवढं मान वळवून नभाकडं टक लावून बघत राहिलं.

रिक्षात नभा रडत होती. मालगाव रस्त्याला लागल्यावरही रडत होती. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, लेकरू लई रडतंय. थांबवू का कुठं? बिस्कीट घेऊ?"

"नको. चालू द्या."

आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू गेला असावा. शिवकांत अनवाणी खाली धावत आला. "काय झालं? काय झालं तिला? दुखतंय का?"

"रडतेय," हेमांगी म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो तिथंच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग हात पुढं केले. "दे. तू दमली असशील."

नभानं बापाकडं पाहिलं आणि आईचा गळा आणखी घट्ट आवळला. बारीक पडलेला उजवा हात, डावा हात, दोन्ही.

"असू दे," हेमांगी म्हणाली. "तू वरच्या दोघांकडं बघ."

ती पायरीवरच बसली. खांदा भिजला होता, मानेला रग लागली होती. पोर रडत होती, आणि दर थोड्या वेळानं मान मागं घेऊन आईच्या तोंडाकडं बघत होती. हेमांगीनं भुवया वर धरून ठेवल्या.